नाव लपतं ते सांध्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: साध्यासुध्या वाक्यात प्रसिद्ध व्यक्तींची नावं लपवलेली कोडी सोडवायला जमतात, पण स्वतः रचायला बसलं की वाक्य आखडतं आणि नाव पहिल्या नजरेतच दिसतं. मराठीत हे जमवायचं कसं? आणि काही नावं कितीही डोकं खाजवलं तरी लपत का नाहीत?

मी ही कोडी वीस-बावीस वर्षं रचतो आहे. पहिली पाच वर्षं मीही हीच चूक करत होतो: नाव घ्यायचं आणि ते ज्यात मावेल असा शब्द शोधत बसायचं. मराठीत शब्दाच्या पोटात नाव क्वचितच मावतं. ते लपतं दोन शब्दांच्या सांध्यात. म्हणून कोडं रचण्याची सुरुवात वाक्यापासून करू नये, नाव कुठे कापता येतं तिथून करावी.

हे वाक्य वाचा: ‘खेळात हरलास तरी मनाने हरू नकोस.’ राजकारणातलं नाव आहे, तीन अक्षरं. मना-ने-ह-रू, म्हणजे नेहरू. हे मला एका झटक्यात सुचलेलं नाही. कागदावर ‘नेहरू’ लिहिलं. तीन अक्षरांचं नाव दोन ठिकाणी कापता येतं: ‘ने | हरू’ किंवा ‘नेह | रू’. दुसऱ्या कापाला ‘नेह’ने संपणारा शब्द हवा, तो सापडेना (‘स्नेह’ चालत नाही, त्यात ‘स्ने’ आहे). पहिला काप मात्र आयताच मिळालेला. ‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय, मराठीतल्या वाटेल त्या नामाला लागतो, आणि ‘हरू’ हे चालतंबोलतं क्रियापद. आता फक्त ‘अमक्याने हरू…’ असं माणूस कधी बोलेल, एवढंच शोधायचं उरलं.

म्हणून नवशिक्याला मी सांगतो, आधी प्रत्ययांची ओळख करून घे. ने, नी, ला, ना, चा, ची, शी, त, ता, ल ही अक्षरं मराठी शब्दांच्या शेवटी इतक्या वेळा येतात की तिथे वाचकाची नजर थांबतच नाही. नावाचं पहिलं अक्षर यांपैकी असेल तर निम्मं काम झालं. ‘उद्या येईल ताई’ यात लता आहे, ती भविष्यकाळाच्या ‘ल’मुळे.

पुढचं उदाहरण माझं लाडकं आहे: ‘आपला वाटा गोरगरिबांना दिला.’ वा-टा-गो-र. साहित्याचं नोबेल १९१३ साली मिळवणारे टागोर. इथे डावीकडे ‘टा’ने संपणारे शब्द रग्गड होते: काटा, फाटा, छोटा, वाटा. उजवीकडे ‘गोर’ हवं होतं आणि तिथे पुष्कळजण फसतात, कारण पटकन ‘गोरा’ सुचतो. ‘छोटा गोरा’ केलं की मिळतं ‘टागोरा’. एक काना जास्तीचा. देवनागरीत अक्षर म्हणजे व्यंजन आणि त्यावरची मात्रा मिळून एक जिन्नस. मात्रा सोडून नुसतं व्यंजन उचलणं म्हणजे लबाडी. याच कारणाने ‘सुगंधी’मध्ये गांधी नाहीत. ‘गांधीलमाशी’त मात्र आहेत, अख्खेच्या अख्खे आणि सुरुवातीलाच, तरी दहातले आठ जण माशीच पाहतात. शब्दाच्या पोटात नाव मावण्याचा हा दुर्मीळ योग.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. काही नावं लपत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा आपली शुद्धलेखनपद्धती असते.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांतला शाळेत सगळ्यांनी घोकलेला नियम म्हणजे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. कवी, गुरू, मती, हेतू. कोडं रचणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार कडक आहे: नावात ऱ्हस्व इ किंवा उ असलेलं अक्षर असेल, तर त्या अक्षराच्या लगेच पुढे कापता येत नाही. शिवाजी, कालिदास, विवेकानंद, टिळक, तुकाराम सगळे या एकाच दारात अडकतात.

पण दाराला फटी आहेत. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’, ‘अति’ ही मंडळी ऱ्हस्वच राहिली. यांतला ‘नि’ म्हणजे तर सोनं. ‘पाहुणे आले नि न बोलताच गेले.’ आ-ले-नि-न: लेनिन. आणि ‘परंतु’ने मला तुकाराम दिले: ‘औषध नामी होतं, परंतु का रामबाण ठरलं नाही?’ परं-तु-का-रा-म-बा-ण. वाक्य किंचित वाकडं आहे, हे मान्य. ‘ते रामबाण का ठरलं नाही’ असं माणूस सहज म्हणेल. तरी पाच वर्षं शोधून तुकारामांसाठी याहून सरळ वाक्य मला मिळालेलं नाही.

टिळकांची गंमत वेगळी. ‘टि’नंतर कापता येत नाही, कारण ऱ्हस्व. बरं, तिथे कापलं असतं तरी पुढचा शब्द ‘ळ’ने सुरू व्हायला हवा होता, आणि ‘ळ’ने सुरू होणारा मराठी शब्द दाखवा म्हणजे मी कोडी रचणं सोडून देतो. ‘ण’चीही तीच तऱ्हा. तेव्हा एकच काप उरला, ‘टिळ | क’. ‘टिळ’ने संपणारा शब्द? कित्येक दिवस डोक्यात भुंगा होता. मग एका अभंगाच्या ओळी वाचताना जुना ‘कुटिळ’ भेटला. ‘दरबारात एक कुटिळ कट शिजत होता.’ कु-टि-ळ-क-ट.

हे कोडं छापायला दिलं आणि छापून आलं ‘कुटिल कट’. मुद्रितशोधकाने जुनाट शब्द सुधारून दिला होता! वाचकांना सापडलं ‘टिलक’, आणि मला आलेली पत्रं अजून जपून ठेवली आहेत. चूक त्याची म्हणता येणार नाही, त्याने त्याचं काम चोख केलं. तेव्हापासून कोडी देताना वरती लिहितो: यातलं एकही अक्षर, एकही मात्रा, एकही स्वल्पविराम बदलू नये, वाक्य चुकीचं वाटलं तर आधी विचारावं.

माझी स्वतःची चूक याहून लाजिरवाणी. ‘व्यसनांचा तो अकाली दास झाला’ असं वाक्य रचून मी उत्तर दिलं होतं कालिदास. अ-का-ली-दा-स. एका निवृत्त शिक्षिकेने कार्ड पाठवलं: ‘आपल्या कालिदासाची लि दीर्घ झाली आहे, वैद्याला दाखवावी.’ त्या दिवसापासून मी उत्तर आधी मोठ्या अक्षरांत लिहितो, मगच वाक्याकडे वळतो. जाता जाता, मोडी लिपीत हा दोष दिसला नसता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत आणि शब्दांमध्ये मोकळी जागाही सोडत नसत. म्हणजे मोडीत सगळंच वाक्य एक सलग कोडं.

स्वरांनी सुरू होणारी नावंही त्रासदायक. अ, आ, ए, ओ हे मोकळे स्वर मराठीत जवळपास नेहमी शब्दाच्या तोंडालाच येतात (आई, जाऊ, येईल यांतले ई-ऊ सोडले तर). त्यामुळे अशोक, आगरकर, अटल यांना एखाद्या शब्दाच्या सुरुवातीपासूनच निघावं लागतं. मधूनच घुसता येत नाही. तरी शेवट पुढच्या शब्दात ढकलता येतो. ‘माझी एकच अट लक्षात ठेव’ यात अटल आहेत. सोडवणाऱ्याला यातून एक आयती खूण मिळते, तिच्याकडे शेवटी येतो.

चांगलं कोडं आणि जेमतेम कोडं यांत फरक पडतो तो कानाशी. हे मला फार उशिरा कळलं.

मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण लिहितो पण उच्चारत नाही. ‘एक’ लिहितो, ‘एक्’ म्हणतो. आता हे वाक्य मोठ्याने वाचा: ‘एक बी रस्त्यात पडली आणि तिथेच रुजली.’ कागदावर क-बी-र लख्ख आहे. पण तोंडात ‘एक्’ संपतो, श्वासाएवढी फट पडते, मग ‘बी’, मग ‘रस्त्यात’. कबीर कानाला कधीच ऐकू येत नाहीत, कारण नावातला ‘क’ पूर्ण उच्चारला जातो आणि वाक्यातला ‘क’ पाय मोडलेला. ‘मला आराम नको, काम दे’ हेही तसंच. आ-रा-म-न-को, म्हणजे १९३० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे रामन. ‘आराम’मधला ‘म’ आपण अर्धाच उच्चारतो, म्हणून मनातल्या मनात वाचणारा वाचक त्यावरून घसरून पुढे जातो. उलट ‘वाटा गोरगरिबांना’ भरभर वाचलं तर टागोर कानाला जाणवतात, आणि लहान मुलं ते कोडं मोठ्यांच्या आधी सोडवतात. तेव्हा लिखाण आणि उच्चार जिथे एकमेकांपासून फारकत घेतात, तो सांधा सगळ्यात पक्का. मी आता अकारान्त शब्दांवरच जास्त भर देतो.

वाक्य सहज हवं, हे सगळेच सांगतात. सहज म्हणजे काय, याची माझी कसोटी अशी: वाक्य एखाद्याला न सांगता म्हणून दाखवावं. त्याने ‘बरं, मग?’ असं विचारलं तर वाक्य पास. ‘हे काय बोलतोयस?’ असं विचारलं तर नापास. ‘आरसा वर कर जरा’ हे म्हणून पाहिलं तर समोरचा आरसाच शोधतो, सावरकर नव्हे. ‘-कर’ने संपणारी आडनावं म्हणूनच मराठीची देणगी आहेत, शेवटचं ‘कर’ आज्ञा म्हणून खपून जातं.

सहजतेच्या पुढची पायरी म्हणजे वाक्याच्या अर्थानेच नावाकडे बोट दाखवणं. हे रोज जमत नाही. मला मनापासून समाधान देणारं एकच: ‘मी चांगला श्रोता नसेन, पण बेसूर आवाज लगेच कळतो.’ श्रो-ता-न-से-न. आपण म्हणतोच ना, तानसेन नसलो तरी कानसेन आहे. तीच कानसेनाची तक्रार, आणि तानसेन तिच्यातच दडून बसलेला.

नाव हटूनच बसलं तर त्या व्यक्तीचं दुसरं नाव पाहावं. ‘ज्ञानेश्वर’वर मी वाया घालवलेला वेळ सांगत नाही. ‘श्वर’ने मराठीत काही सुरू होत नाही, जोडाक्षर फोडता येत नाही, ‘नेश्वर’चंही तेच. मग ‘ज्ञानदेव’ घेतलं आणि ‘राजाची आज्ञा न देवळाने मानली, न दरबाराने’ हे वाक्य जवळजवळ आपोआप आलं. आ-ज्ञा-न-दे-व-ळा-ने.

सचिनसाठी मात्र मी थोडी वाकडी वाट धरली. ‘चिन’ने सुरू होणारे शब्द तपासा: चिनार, चिनी, चिन्ह. एकातही मोकळा ‘न’ नाही. जुन्या मराठीतला ‘चि’ वापरून ‘आसचि न सुटे’ करता येतं, पण आज असं कोण बोलतं? शेवटी पत्रातल्या ‘चिरंजीव’ने वाचवलं: ‘मानस, चि. नरेशला आशीर्वाद सांग.’ मा-न-स-चि-न-रे-श. काही मित्रांच्या मते संक्षेपातलं अक्षर धरणं नियमबाह्य आहे. मी म्हणतो, छापलेलं अक्षर ते अक्षर. हा वाद मिटलेला नाही.

या खेळाला परकं समजू नका. आपल्याकडे संस्कृतात अंतर्लापिका म्हणून प्रकारच आहे, ज्यात उत्तर प्रश्नाच्या पोटातच असतं. प्रसिद्ध श्लोक असा सुरू होतो: ‘कं संजघान कृष्णः, का शीतलवाहिनी गङ्गा’. कृष्णाने कोणाला मारलं? शीतल वाहणारी गंगा कोणती? जागा सरकवून वाचा: ‘कंसं जघान कृष्णः, काशीतलवाहिनी गङ्गा’. कंसाला मारलं, आणि गंगा काशीच्या भूमीवरून वाहणारी. एकही अक्षर बदललं नाही, नुसती फट हलली. पुढे ‘के दारपोषणरताः’ (बायकोचं पोषण करण्यात कोण रमलेले?) मधून ‘केदार’, म्हणजे शेत, निघतं आणि ‘कं बलवन्तं’ मधून ‘कंबल’, म्हणजे घोंगडी. थंडी कोणत्या बलवंताला बाधत नाही? कंबलवंताला! चार चरणांत चार सांधे, आणि प्रश्न-उत्तर दोन्ही व्याकरणशुद्ध. आम्ही आज जे करतो ते याच्यापुढे पोरखेळ.

मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तर उलटी करामत केली. त्यांचं निरोष्ठ रामायण ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून लिहिलेलं आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. परिणामी रामाची सगळी कथा सांगायची आणि ‘राम’ एकदाही म्हणायचं नाही. नाव लपवण्याचा याहून टोकाचा प्रकार मला माहीत नाही.

थोडं व्यवहाराचं. दोन अक्षरी नावं टाळा. ‘सोपे लेखन’ म्हटलं की पेले आलेच, १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक घेऊन. तसंच राम, सीता, मीरा, लता ही नावं कुठल्याही परिच्छेदात न बोलावता सापडतात, आणि मग वाचक हक्काने भांडतो की माझंही उत्तर बरोबर. ‘आराम नको’वर मला ‘राम’ असं उत्तर पाठवणारे होतेच. त्यावर उपाय म्हणजे खाली अक्षरसंख्या आणि क्षेत्र द्यायचं: ‘शास्त्रज्ञ, तीन अक्षरं’.

रचून झालं की संगणकावर तपासावं, पण डोळे उघडे ठेवून. साधा शोध दोन ठिकाणी दगा देतो. एक, तो जागा आणि विरामचिन्हं ओलांडत नाही, म्हणून आधी ती काढून टाकावी लागतात. दुसरं अधिक बेरकी आहे: युनिकोडमध्ये मात्रा व्यंजनानंतर स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवली जाते, त्यामुळे ‘आराम नाही’ यातही संगणकाला ‘रामन’ सापडतो. त्याच्या लेखी र, काना, म, न जुळले. पुढचा काना तो पाहतच नाही. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेल्या शब्दांत कधीकधी न दिसणारं जोडचिन्ह असतं, तिथे उलट होतं, खरं नावही सापडत नाही. मी अजून शेवटची तपासणी पेन्सिलने करतो, प्रत्येक अक्षराखाली टिंब देत.

बोली की प्रमाण, हेही आधी ठरवून टाका. ‘फूल ताजं’ आणि ‘फूल ताजे’ दोन्हींत लता राहते, पण ‘केलं’ लिहिलं की ‘लं’ हाती येतं आणि ‘केले’ लिहिलं की ‘ले’. एकाच कोड्यात सोयीप्रमाणे दोन्ही वापरले की वाचकाला तिथेच संशय येतो.

सोडवणाऱ्यासाठी मात्र तोच संशय कामाचा. वाक्यात एखादा शब्द उगाच जुना वाटला, क्रियापद शेवटी असायचं ते मधेच आलं, मानस किंवा नरेश असा कोणी विनाकारण टपकला, ‘परंतु’ किंवा ‘नि’ नको तिथे दिसला, की तिथेच खणा. मोठ्याने वाचू नका, कान फसवतो; बोटाने जागा झाकत अक्षर-अक्षर वाचा. आणि शब्दाच्या तोंडाला अ, आ, ए दिसला तर स्वराने सुरू होणारं नाव तिथूनच निघेल, दुसरीकडून नाही.

हे घ्या, सरावाला एक सलग परिच्छेद. चार संत आहेत, दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. एक नाव दोनच अक्षरांचं आहे, म्हणजे वरचा नियम मीच मोडला आहे.

‘आज ना, बाई आल्याच नाहीत. दिवस सरत आला, वेळ कमी राहिला, पण दोघांपैकी एक ना थकला, ना थांबला. संध्याकाळी मालकाने सगळं काम पाहिलं, मान डोलावली. तरी त्याच्याच्याने इनाम देववलं नाही.’